गिरगावची दोन फुटांची मूर्ती



यंदाच्या पहिल्याच बैठकीत सूचना आली, "मूर्ती दहा फुटांची आणू, मिरवणुकीला डॉल्बी लावू." बरीच गरमागरमी होऊन विषय पुढच्या वर्षावर गेला. तो पुन्हा निघणारच, म्हणून थोडा इतिहास.

१८९२ साली पुण्यात भाऊसाहेब रंगारींनी बसविलेला गणपती राक्षसाचा वध करणारा आहे. म्हणजे देखावा पहिल्यापासून होता, पण त्यातून काही सांगायचे होते. १८९३ पासून टिळकांनी उत्सवाला चळवळीचे रूप दिले, मेळे निघू लागले. सरकारने पुढे मेळ्यांवर निर्बंध घातले ते पदांतल्या शब्दांमुळे. आजच्या मिरवणुकीतल्या गाण्यांवर बंदी यावी असे त्यांत काय असते?

त्याच १८९३ साली मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. १९०१ मध्ये स्वतः टिळक तिथे येऊन गेले. प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो असता मी मुद्दाम दर्शन घेतले. शाडूची मूर्ती, जेमतेम दोन फुटांची. आजही पालखीतून नेतात. मला वाटले होते, एवढे जुने मंडळ म्हणजे केवढा मंडप असेल!

उंची वाढली त्याला भक्तीपेक्षा साहित्य जास्त कारणीभूत आहे. शाडू जड आणि ठिसूळ. प्लास्टरची मूर्ती साच्यातून पोकळ, हलकी निघते, म्हणून वीस फूटही उभी राहते. पाण्यात मात्र विरघळत नाही. २०२० साली करोनामुळे महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली. बाप्पा त्या वर्षीही आलेच.

आवाजाचेही तसेच. वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. डॉल्बीसमोर १०० सहज होतात. आकडा दुपटीहून कमी दिसतो, पण हिशोब केला तर ध्वनीची तीव्रता तीस हजार पटींहून जास्त भरते. कारखान्यात ९० च्या वर आपण कानात प्लग घालतो आणि संध्याकाळी त्याच कानांनी डॉल्बीपुढे नाचतो.

तीन वर्षांपूर्वी आपण येलहंक्यात डॉल्बी लावला होता. शेजारच्या कानडी आजींना हृदयविकार. रात्रभर खिडक्या बंद करून बसल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डब्यात कडबू घेऊन आल्या, आवाजाबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. डॉल्बीवाल्याचे पैसे त्या वर्षी खजिनदार म्हणून मीच दिले होते.