मॅग्नेटो, जुन्या मोटारगाड्यांतील

मॅग्नेटो, जुन्या मोटारगाड्यांतील : स्थायी चुंबकाच्या साहाय्याने उच्च दाबाची वीज निर्माण करून पेट्रोल एंजिनातील इंधन व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटविणारे लहान विद्युत् जनित्र. त्यास घटमालेची (बॅटरीची) आवश्यकता नसते. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या आर्मेचरवर जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतील प्रवाह संपर्क तोडकाने अचानक खंडित केला म्हणजे बारीक तारेत हजारो व्होल्ट दाब प्रवर्तित होतो व स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते.

इतिहास : मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व मॅग्नेटोच्या मुळाशी आहे. जर्मनीतील स्टटगार्ट येथे १८८६ मध्ये कर्मशाळा काढणाऱ्या रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये स्थिर एंजिनासाठी नीच दाबाचा मॅग्नेटो तयार केला व १८९७ मध्ये तो तीनचाकी मोटारगाडीला बसविला. त्यांचे सहकारी गोटलोप होनोल्ट यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. १९०६ पर्यंत बॉश कारखान्यात एक लाख मॅग्नेटो तयार झाले होते. पहिले महायुद्ध सुरू होताच (१९१४) जर्मन मॅग्नेटोंवर विसंबून असलेल्या ब्रिटनची मोठी अडचण झाली आणि तेथे हा उद्योग घाईने उभारावा लागला. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीत (१९०८) चुंबक थेट प्रचक्रावरच बसविलेले होते. विजेवर चालणारा स्टार्टर आल्यावर (१९१२) घटमाला गाडीत कायमची आली व मॅग्नेटोचे महत्त्व ओसरू लागले. खुद्द बॉश कंपनीनेही १९२५ मध्ये घटमालेवरील प्रज्वलन पद्धती बाजारात आणली.

लाखेचा उपयोग : कृत्रिम राळा रूढ होण्यापूर्वी आर्मेचरच्या वेढ्यांच्या निरोधनासाठी चपडा लाख वापरीत. पळस, बोर व कुसुम या वृक्षांवर वाढणाऱ्या लाखेच्या कीटकांपासून ती मिळते व तिचा प्रमुख उत्पादक देश भारत आहे. रांचीजवळील नामकुम येथे लाख संशोधन संस्था १९२४ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात लाखेचे उत्पादन मुख्यतः पूर्व विदर्भात होते; १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा त्यात अग्रेसर आहे [⟶ लाख].

लाख उत्तम निरोधक असली, तरी उष्णतेने मऊ होते व जुनी झाल्यावर ओलावा शोषते. त्यामुळे थंड असताना सुरळीत चालणारे एंजिन तापल्यावर बंद पडते. क्वचित पाझरलेल्या लाखेने आर्मेचरच अडकून बसते. विदर्भातील कडक उन्हाळा व त्यामागून येणारा दमट पावसाळा या दोहोंमुळे हा दोष बळावतो. अशा वेळी आर्मेचरला नवे वेढे देऊन त्यात निर्वातात इपॉक्सी राळ भरतात व जुने धारित्र (कंडेन्सर) बदलतात.

निवड : मॅग्नेटो निवडताना सिलिंडरांची संख्या, फिरण्याची दिशा, तळापासून दंडाची उंची व ठिणगी आगेमागे करण्याची सोय पाहावी लागते. एका फेऱ्यात दोन ठिणग्या देणारा मॅग्नेटो चार सिलिंडरांच्या चतुर्घाती एंजिनात भुजादंडाच्या गतीने, तर सहा सिलिंडरांच्या एंजिनात दीडपट गतीने फिरवावा लागतो. उलट दिशेचा मॅग्नेटो जसाच्या तसा बसवून चालत नाही.

निगा : संपर्क तोडकातील फट सामान्यतः ०·३ ते ०·४ मिमी. ठेवतात. कार्बनाची पूड पुसून काढणे व धारव्यांना तेलाचे मोजकेच थेंब देणे आवश्यक असते. जादा तेल संपर्कांवर गेल्यास ठिणगी दुर्बळ होते. जुन्या पोलादी चुंबकातून आर्मेचर काढताना ध्रुवांवर लोखंडी पट्टी ठेवावी लागते, अन्यथा चुंबकत्व घटते. चालू एंजिनाच्या प्लगची तार काढल्यास वाढलेल्या दाबाने निरोधन फुटण्याचा धोका असतो. मॅग्नेटो बंद करताना त्याचा प्रवाह एंजिनाच्या धातूशी जोडतात. ही तार तुटल्यास बटण बंद असूनही एंजिन सुरू होऊ शकते.

पुष्कळदा दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी मॅग्नेटो काढून घटमालेवरील पद्धती बसविली जाते. गाडी चालते, पण तिच्या काळाचा पुरावा नष्ट होतो. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देणारे नियम केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केले. त्यांत गाडीचा सांगाडा, बाह्यांग व एंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. त्यामुळे मूळ मॅग्नेटो जपण्यास नवे महत्त्व आले आहे.

मोटारगाड्यांतून मॅग्नेटो नाहीसा झाला असला, तरी पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक लहान विमानांत तो टिकून आहे. तेथे प्रत्येक एंजिनाला दोन मॅग्नेटो असतात व उड्डाणापूर्वी ते एकेक करून तपासतात. घटमाला निकामी झाली तरी ठिणगी थांबत नाही, हा त्याचा मूळ गुणच तेथे निर्णायक ठरला आहे.