लेटरबॉक्स डीव्हीडी

लेटरबॉक्स डीव्हीडी : रुंद पडद्यासाठी चित्रित झालेला चित्रपट ४:३ चौकटीत बसवून, वर-खाली काळे पट्टे ठेवून मुद्रित केलेली डीव्हीडी. अ‍ॅनामॉर्फिक डीव्हीडीत चित्र आडव्या दिशेने आक्रसून चौकट शक्य तितकी भरली जाते व दाखवताना ते पुन्हा रुंद केले जाते. लेटरबॉक्स प्रकारात ही सोय नसते. काळे पट्टेही चित्राचाच भाग म्हणून तबकडीवर उतरलेले असतात. अशी तबकडी १६:९ टीव्हीवर लावली की चित्राला चारही बाजूंनी काळी किनार येते : वर-खाली तबकडीतली, डाव्या-उजव्या बाजूंना टीव्हीने घातलेली. चित्र पडदाभर करण्याचे दोन मार्ग आहेत. पाहतानाच झूम करणे, किंवा पट्टे कापून नवी फाइल तयार करणे. दुसऱ्या मार्गाने चित्राचा दर्जा सुधारतो असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात रूपांतराने सोय होते, दर्जा सहसा वाढत नाही. म्हणून साध्या झूमने काम भागत असेल तर रूपांतराच्या वाटेला जाण्याचे कारण उरत नाही.

याचा हिशेब ओळींचा आहे. अमेरिका-जपानमधील एनटीएससी डीव्हीडीची चौकट ७२० × ४८० बिंदूंची असते. २.३५:१ गुणोत्तराचा चित्रपट तिच्यात लेटरबॉक्स पद्धतीने बसवला तर चित्राच्या वाट्याला सुमारे २७२ ओळी येतात आणि वर व खाली सुमारे १०४ ओळी काळ्या जातात. तोच चित्रपट अ‍ॅनामॉर्फिक असता, तर सुमारे ३६३ ओळी मिळाल्या असत्या, म्हणजे एक तृतीयांश जास्त. आडव्या दिशेला मात्र दोन्ही प्रकारांत ७२० बिंदूच असतात. तोटा होतो तो फक्त उभ्या दिशेला. १०८० ओळींच्या टीव्हीवर पूर्ण रुंदी भरायची तर या २७२ ओळी ताणून ८१७ कराव्या लागतात, एकीच्या तीन. मधल्या ओळी यंत्राने अंदाजाने भरलेल्या असतात. हा अंदाज टीव्हीने केला काय किंवा संगणकाने आदल्या रात्री केला काय, मूळ माहिती तेवढीच राहते.

अशा तबकड्या निघाल्या त्या निव्वळ निष्काळजीपणामुळे नव्हे. अमेरिकेत १९९७ साली डीव्हीडी आली तेव्हा बहुतेक घरांत ४:३ टीव्ही होते आणि स्टुडिओंकडे लेझरडिस्कसाठी केलेल्या लेटरबॉक्स मास्टर प्रती तयार होत्या. नवी प्रत काढणे खर्चाचे होते. शिवाय जुन्या टीव्हीवर अ‍ॅनामॉर्फिक तबकडी लावली की प्लेअरला दर चार ओळींच्या तीन कराव्या लागत, आणि हलक्या प्लेअरमध्ये त्यामुळे कडा थरथरत. मात्र हे समर्थन पुढे टिकत नाही. १२ सप्टेंबर २००६ रोजी ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या तीन चित्रपटांचे नवे संच आले. प्रत्येक संचात दोन तबकड्या होत्या. एकीवर २००४ची फेरफार केलेली आवृत्ती अ‍ॅनामॉर्फिक स्वरूपात होती. दुसरीवर चित्रपटगृहांत दाखवलेली मूळ आवृत्ती, पण १९९३च्या लेझरडिस्क मास्टरवरून घेतलेली आणि लेटरबॉक्स. ब्ल्यू-रे बाजारात आली त्याच वर्षीची ही गोष्ट. रूपांतराच्या खटाटोपाला चाहत्यांकडून जोर मिळाला तो अशाच तबकड्यांमुळे, कारण दुसरी चांगली प्रत विकत मिळत नव्हती.

पाहताना टीव्हीचा कोणता पर्याय निवडला यावर बरेच अवलंबून असते. ‘स्ट्रेच’ किंवा ‘वाइड’ पर्याय चित्र फक्त आडवे ताणतो. ‘स्टार वॉर्स’मधील टॅटूईन ग्रहावर मावळणारे दोन गोल सूर्य त्यामुळे आडवे लंबगोल दिसतात आणि माणसे बुटकी, रुंद होतात. ‘झूम’ दोन्ही दिशांना सारखेच वाढवतो : ४८० ओळींपैकी वरच्या व खालच्या ६० ओळी गाळून मधल्या ३६० पडदाभर पसरतो. पाल या दुसऱ्या टीव्ही पद्धतीच्या ५७६ ओळींच्या तबकडीत ७२-७२ ओळी गाळल्या जाऊन ४३२ उरतात. १.८५:१ चित्रपट यात जवळजवळ पूर्ण पडदा भरतो; २.३५:१ चित्रपटाला वर-खाली अरुंद पट्टे राहतात, आणि ते राहायलाच हवेत. झूमची खरी अडचण उपशीर्षकांची आहे. ती खालच्या काळ्या पट्ट्यात छापलेली असतील तर झूमबरोबर कापली जातात. काही टीव्हींत चित्र वर सरकवता येते. संगणकावर व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये चित्र हवे तसे कापता येते.

रूपांतराच्या बाजूने दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की संगणकाचे सावकाश चालणारे फिल्टर टीव्हीच्या झूमपेक्षा सरस असतात. हे काही अंशी खरे आहे, विशेषतः फिल्मच्या २४ चौकटींचे व्हिडिओत गुंफलेले अर्धभाग वेगळे करून मूळ चौकटी परत जुळवण्याच्या बाबतीत. गुंफण न सोडवता उभे ताणले तर शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि दातेरी कडा कायमच्या फाइलमध्ये बसतात. पण हेच काम आज पाहतानाही होऊ शकते. फाइल एकदा पुन्हा एन्कोड केली की मूळ एमपेग-२ चित्रावर दुसऱ्या आकुंचनाचे डाग चढतात, ते मात्र निघत नाहीत. दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अपस्केलिंगचा. ते तपशील शोधत नाही, रचते. चेहऱ्याची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते ती त्यामुळेच. शिवाय अमेरिकेत १९९८च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने डीव्हीडीचे सांकेतिक कुलूप उघडण्यावर सर्वसाधारणपणे बंदी आहे. झूमला ही अडचण येत नाही.

तरीही टीव्हीत योग्य झूम नसेल किंवा तबकडी खराब होत चालली असेल तर रूपांतर समर्थनीय ठरते. अशा वेळी आधी गुंफण सोडवावी, मग फक्त काळे पट्टे कापावेत, ओळी ताणू नयेत; २७२ ओळी तशाच ठेवून बिंदूचे गुणोत्तर ८:९ नोंदवावे आणि मोठे करण्याचे काम पाहण्याच्या वेळेवर सोडावे. उपशीर्षके वेगळ्या प्रवाहात जपावीत. मूळ तबकडीची न कापलेली प्रत मात्र टाकून देऊ नये. ज्या चित्रपटाची अ‍ॅनामॉर्फिक डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे उपलब्ध आहे, त्याच्या लेटरबॉक्स प्रतीवर वेळ घालवण्यापेक्षा ती नवी प्रत घेणेच श्रेयस्कर.