सागरी मत्स्यशेती, सिंधुदुर्गातील

समुद्राच्या व खाडीच्या खाऱ्या पाण्यात जिताडा, खेकडे, कालवे, शिणाणे (हिरवे शिंपले) यांचे बीज सोडून किंवा लावून ते विक्रीच्या आकाराचे होईपर्यंत वाढवण्याचा व्यवसाय. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे तीन तालुके समुद्राला लागून आहेत. विजयदुर्ग, देवगड, आचरा, कोळंब, कर्ली, मोचेमाड, तेरेखोल या इथल्या प्रमुख खाड्या. मत्स्यशेती जी काही झाली ती मुख्यतः या खाड्यांत झाली. उघड्या समुद्रात फारशी नाही. त्याचे कारण पावसाळा.

जिल्ह्यातले गाबीत मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे) ओढत आणि लहान होड्यांतून जाळी टाकत आले. यांत्रिक ट्रॉलर आणि मासळीचा थवाच घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या पर्ससीन नौका आल्यावर किनाऱ्यालगतची मासळी घटली, आणि पारंपरिक मच्छीमार विरुद्ध पर्ससीन हा संघर्ष मालवणच्या किनाऱ्यावर रस्त्यावर आला. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी दरवर्षी असतेच. मासळी पकडण्याला जोड म्हणून ती वाढवावी, हा विचार या अडचणीतून पुढे आला. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्यामुळे ‘मासेमारी कमी करा’ असे मच्छीमाराला सांगताना त्याच्या हाती दुसरे काही देणेही भाग होते. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांनी २०१० च्या दशकात सिंधुदुर्गात राबवलेल्या किनारी जैवविविधता प्रकल्पात कालवे, शिणाणे व खेकडे यांची शेती आली ती याच हिशेबाने.

पिंजऱ्यातील शेती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ मध्ये विशाखापट्टणमच्या समुद्रात १५ मीटर व्यासाचा पिंजरा उतरवला. भारतातल्या खुल्या समुद्रातील पिंजरा-शेतीची ही सुरुवात. पुढे ६ मीटर व्यासाचे लहान, लोखंडी नळ्यांचे पिंजरे रुळले. रचना अशी : वर तरंगणारी गोल चौकट, तिला आत मासे ठेवण्याचे जाळे, बाहेर शिकारी माशांपासून राखण करणारे दुसरे जाळे, पक्ष्यांसाठी वरून तिसरे, आणि तळाशी दगड भरलेल्या पेट्यांचा नांगर. आतल्या जाळ्यावर शेवाळ व शिंपले चढून पाणी खेळायचे थांबते, म्हणून जाळे ठरावीक दिवसांनी बदलावे लागते. पिंजरा-शेतीतले खरे अंगमेहनतीचे काम हेच.

नॉर्वेत १९७० पासून सामनची पिंजरा-शेती वाढली, कारण तिथल्या फ्योर्डमध्ये वर्षभर वारा-लाटांपासून आडोसा मिळतो. कोकणपट्टीला नैऋत्य मोसमी वारा समोरून भिडतो. जूनमध्ये उघड्या समुद्रातला पिंजरा टिकवणे हे लहान मच्छीमाराच्या कुवतीबाहेरचे आहे. आडोशासाठी खाडीत शिरावे तर दुसरी अडचण : समुद्राच्या पाण्यात हजारी ३५ च्या आसपास क्षार असतात, पण पावसाळ्यात डोंगरातून उतरलेले पाणी खाडीचा वरचा थर जवळजवळ गोडा करते. मोडुसा (कोबिया) हे सोसत नाही, शिणाणे मरतात. जिताडा मात्र दोन्ही पाण्यांत तगतो. एरवी हंगाम धरायचा तो पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मेपर्यंत. कोणतीही विस्तार-योजना या सात-आठ महिन्यांच्या चौकटीत बसवावी लागते. बारमाही उत्पादनाचे आकडे मांडणारा प्रकल्प अहवाल दिसला की तो खाडी न बघता लिहिला आहे असे खुशाल समजावे.

जिताडा. शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर. शेजारच्या रायगडात अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेततळ्यांत जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. हा मासा आधी नर असतो व काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे अंडी देणारी मोठी मादी तयार व्हायला फार काळ लागतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्थेला १९९७ मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन साधले. पिले एकमेकांना खातात. मोठे पिलू लहानाला सरळ गिळते, म्हणून बोटुकलीच्या अवस्थेत आकारानुसार वारंवार वेगळी करावी लागतात. हे चुकले तर पिंजऱ्यात मासे कमी आणि गलेलठ्ठ उरतात. जिताडा मांसाहारी आहे. त्याला तारलीसारखी स्वस्त मासळी चारली, तर समुद्रावरचा ताण कमी होण्याऐवजी वाढतो, हा आक्षेप खरा आहे. गोळी-खाद्य त्यावर उतारा असला तरी ते महाग पडते.

कालवे व शिणाणे. शाश्वत हा शब्द इथे सर्वात सहज शोभतो. ही कवचधारी प्राणिजात पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्न खाते. वरून काही घालावे लागत नाही. खडकावरून खरवडलेले शिणाण्याचे बारके बीज दोरीभोवती पसरून सुती जाळीच्या कापडात शिवतात आणि दोरी तराफ्याला किंवा खाडीत रोवलेल्या बांबूंच्या मांडवाला टांगतात. प्राणी आपल्या तंतूंनी दोरीला चिकटेपर्यंत कापड कुजून गळून जाते. पाच-सहा महिन्यांत, पाऊस लागायच्या आत, पीक काढायचे. केरळात कासरगोड जिल्ह्यातील पडन्न भागात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महिलांच्या गटांनी हीच पद्धत व्यापारी पातळीवर नेली. सिंधुदुर्गातही हे काम बचत गटांतील बायकांकडेच आले, आणि ते स्वाभाविक होते : ओहोटीला खडकावर कालवे फोडायला आधीपासून त्याच जात.

खेकडे. कांदळवनातल्या खेकड्याला मालवणीत कुर्ली म्हणतात. कांदळवन कक्ष (स्थापना २०१२) व कांदळवन प्रतिष्ठान यांनी उपजीविका योजनेतून खेकडापालनाला पाठबळ दिले. झाडे न तोडता, झाडांमधल्या मोकळ्या चिखलात जाळीचे कुंपण घालतात. खेकडा बिळे खणून निसटतो, म्हणून जाळी चिखलात खोल गाडतात. वरून चढून पळू नये म्हणून काठाला गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी लावतात. कात टाकलेला मऊ खेकडा इतरांच्या तावडीत सापडतो, तेव्हा लपायला नळ्यांचे तुकडे ठेवावे लागतात. पिलांसाठी तामिळनाडूतील राजीव गांधी जलजीव संवर्धन केंद्राच्या उबवणी केंद्राकडे पाहावे लागते.

कोळंबीचा धडा. पूर्व किनाऱ्यावर १९९० च्या दशकात कोळंबी तळ्यांनी भातशेती व विहिरी खारवल्या, १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने तळीच्या तळी बुडाली, आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारी पट्ट्यातील कोळंबी तळ्यांवर कडक निर्बंध आणले. २००५ मध्ये तटीय जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला. २०२३ च्या दुरुस्तीने पिंजरा-शेती, समुद्रशैवाल व शिंपल्यांची शेतीही त्याच्या कक्षेत आली. महाराष्ट्रात तर अशा तळ्यांसाठी कांदळवन तोडण्यासही मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मनाई आहे.

पैसा व शिक्षण. खाडीच्या पाण्याला सातबारा नसतो. तारण काय ठेवणार, हा बँकेचा पहिला प्रश्न. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीच्या समकक्ष दर्जा दिला. राज्याच्या मत्स्य शिक्षणाची मांडणी मात्र गमतीची आहे. ज्याच्या नावात मत्स्यविज्ञान आहे ते विद्यापीठ २००० साली स्थापन झाले ते नागपुरात. तलावांत मासे वाढवणाऱ्या विदर्भाला त्याचा उपयोग आहेच; पण रत्नागिरीजवळच्या शिरगावचे १९८१ चे मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे राहिले, आणि कोकणासाठी स्वतंत्र मत्स्य विद्यापीठाची मागणी अधूनमधून उठत राहते.

विद्यापीठापेक्षा निकड आहे ती उबवणी केंद्राची. जिताडा आणि खेकडा यांचे बीज परराज्यातून शेकडो किलोमीटर प्रवास करून येते. वाटेत मरते, हंगामाला उशिरा पोहोचते, आणि महिना दीड महिना उशीर झाला की पीक पावसात सापडते. पिंजऱ्यांची संख्या वाढवण्याआधी जिल्ह्यात, निदान रत्नागिरीत, खात्रीचे बीज मिळायला हवे. ते नसताना वाटलेले पिंजरे किनाऱ्यावर उलटे पडून राहतील.