गृहनिर्मित ऑफ-रोड गो-कार्ट

गृहनिर्मित ऑफ-रोड गो-कार्ट म्हणजे जुन्या वाहनांचे सुटे भाग आणि लोखंडी नळ्या वापरून हौशी कारागिराने बांधलेली, कच्च्या व खडबडीत जमिनीवर चालवायची लहान चारचाकी गाडी होय. शर्यतीच्या गो-कार्टला गुळगुळीत मार्ग लागतो. तिची चाके लहान असतात आणि तिला सहसा सस्पेन्शन नसते. ऑफ-रोड प्रकारात खोल नक्षीचे मोठे टायर, जमिनीपासून अधिक उंची आणि चालकाभोवती नळ्यांचा पिंजरा असतो. भंगारातील भागांमुळे खर्च कमी होतो. मात्र कोणता भाग जुना चालतो आणि कोणता नवाच घ्यावा लागतो, यावर गाडीची सुरक्षितता अवलंबून असते.

इतिहास

गो-कार्टचा उगमच उरलेल्या भागांतून झाला. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी १९५६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात पहिली गो-कार्ट बांधली. तिला गवत कापण्याच्या यंत्राचे दोन-स्ट्रोक इंजिन बसवले होते. सुरुवातीच्या काही शर्यती रोझ बाऊल या क्रीडागाराच्या वाहनतळावर झाल्या. पुढे मॅककलॉक कंपनीने साखळी-करवतीच्या इंजिनात बदल करून खास गो-कार्टसाठी इंजिन तयार केले.

अशा गाड्यांच्या बांधणीला अभियांत्रिकी शिक्षणातही स्थान मिळाले. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांची ‘बाहा’ स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली. भारतातील स्पर्धा २००७ पासून होत असून तिच्यात महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघही भाग घेतात.

सांगाडा

सांगाडा सौम्य पोलादाच्या नळ्या वेल्डिंगने जोडून तयार करतात. नळ्यांची रचना शक्य तेथे त्रिकोणी ठेवली जाते, कारण चौकोन भाराखाली तिरका होतो, त्रिकोण होत नाही. पाण्याच्या जुन्या जस्तलेपित नळ्या स्वस्त असल्या, तरी वेल्डिंग करताना जस्ताचा धूर श्वासात जाऊन ताप व थंडी येऊ शकते. पेट्रोलची रिकामी दिसणारी टाकी वेल्ड करणे त्याहून घातक असते. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

इंजिन

भारतात जुन्या स्कूटर, मोटारसायकल आणि रिक्षा यांची इंजिने सहज मिळतात. मोटारसायकलचे हवेने थंड होणारे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून असते. चालकाच्या मागे बसवल्यास आणि गाडी संथ चालल्यास ते लवकर तापते. बजाज चेतकसारख्या स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असल्याने ही अडचण कमी येते. रिक्षाच्या इंजिनासोबत मागे जाण्याचा गिअर मिळतो. स्कूटर व बहुतेक मोटारसायकलींत तो नसतो.

वेगाचे गणित

गाडीचा वेग इंजिनाच्या फेऱ्या, गती कमी करण्याचे गुणोत्तर आणि चाकाचा परीघ यांवरून काढतात. उदाहरणार्थ, इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत असेल आणि साखळीच्या दोन चक्रांना अनुक्रमे १० व ६० दाते असतील, तर गुणोत्तर ६:१ होते आणि आस मिनिटाला ६०० फेरे घेते. टायरचा व्यास सुमारे ४६ सेंमी असल्यास वेग ताशी ५० किमीच्या पुढे जातो. खडबडीत जमिनीवर हा वेग धोकादायक असतो व चढावर ओढ कमी पडते. मध्ये आणखी एक आस घालून गुणोत्तर १२:१ केल्यास वेग ताशी सुमारे २६ किमी होतो आणि चाकावरील ओढ दुप्पट होते.

स्टिअरिंग व ब्रेक

वळणावर आतले पुढचे चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोनात वळावे लागते. त्यासाठी चाकांना जोडलेले आखूड दांडे अशा तिरक्या रेषेत बसवतात की त्या रेषा पुढे वाढवल्यास मागच्या आसाच्या मध्याजवळ मिळतात. या रचनेला अकरमन भूमिती म्हणतात.

मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर पक्की असल्यास त्या आसावरील एक डिस्क ब्रेक दोन्ही चाके रोखतो. ब्रेक इंजिनाच्या बाजूला न बसवता आसावरच बसवणे आवश्यक असते. अन्यथा साखळी तुटताच ब्रेकही निकामी होतो.

भागांची निवड

रिम, आसन, पेडल, साखळीची चक्रे आणि इंजिनाचे आवरण हे भाग तपासून जुने वापरता येतात. ब्रेकचे रबरी भाग व द्रव, स्टिअरिंगचे सांधे, साखळी, महत्त्वाचे बोल्ट, पेट्रोलची नळी आणि सुरक्षापट्टा नवे घेणे योग्य ठरते. जुन्या धातूतील बारीक तडा रंगाखाली दिसत नाही आणि असा भाग पूर्वसूचना न देता तुटतो.

सुरक्षितता

अशा गाड्यांतील मोठा धोका उलटण्याचा असतो. पिंजरा असूनही पट्टा नसल्यास चालक त्याच पिंजऱ्यावर आदळतो किंवा बाहेर फेकला जाऊन त्याखाली सापडतो. मोकळे केस, ओढणी किंवा मफलर फिरत्या आसात अडकून जीवघेणे अपघात होऊ शकतात. म्हणून साखळी व आस झाकतात. इंजिन बंद करण्याची कळ चालकाच्या हाताजवळ ठेवतात. हेल्मेट अनिवार्य मानले जाते.

कायदेशीर स्थिती

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणीविना मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. जुळवाजुळव करून बनवलेले ‘जुगाड’ हेही या कायद्याखाली मोटार वाहनच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे नोंदणी नसलेली अशी गाडी केवळ खासगी, बंदिस्त जागेत चालवणे सुरक्षित ठरते. मूळ वाहन कायमचे निकामी केल्यास मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक आहे.