‘सूर्य मावळला’ : एका साध्या वाक्याची कथा

शालेय मराठी व्याकरणात अलंकार आणि शब्दशक्ती ही दोन प्रकरणे स्वतंत्रपणे शिकवली जातात. एकात उपमा-रूपकांच्या व्याख्या पाठ होतात, तर दुसऱ्यात अभिधा, लक्षणा, व्यंजना ही नावे. या दोहोंना जोडणारा एक जुना वाद मात्र वर्गापर्यंत क्वचितच पोहोचतो.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त अलंकार चारच होते : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे ही यादी वाढू लागली, तेव्हा तिच्यात काय घ्यावे आणि काय वगळावे, हा प्रश्न उभा राहिला. ७व्या शतकाच्या सुमारास भामहाने ‘काव्यालंकारा’त वक्रोक्तीची कसोटी लावली. ज्या बोलण्याला वळण नाही तो अलंकार नव्हे. सूर्य मावळला, चंद्र प्रकाशू लागला, पाखरे घरट्याकडे निघाली, हे सांगणे त्याच्या मते काव्य नव्हे, निव्वळ वार्ता. दंडीने ‘काव्यादर्शा’त नेमके हेच उदाहरण घेऊन, वेळ सुचवायची असेल तर हेही चांगलेच, असा निर्वाळा दिला. भामहाने नाकारलेल्या हेतू, सूक्ष्म आणि लेश या अलंकारांनाही त्याने मानाचे स्थान दिले.

९व्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडल्यावर या वाक्याचे भाग्य पालटले. ११व्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘सूर्य मावळला’ एवढेच विधान घेतले आणि त्यातून निघणारे अर्थ मोजून दाखवले : शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली, आता काम थांबवू या, गुरे गोठ्यात आणा, विक्रीचा माल आवरा, प्रियकर अजून आला नाही. वाच्यार्थ सर्वांना एकच. व्यंग्यार्थ मात्र बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांप्रमाणे बदलणारा. ज्याला वार्ता म्हणून बाजूला सारले होते, तेच वाक्य व्यंजनेचे प्रमाण ठरले.

‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाला एकच अचूक उत्तर असते, म्हणून परीक्षेला तो सोयीचा. परंतु त्यामुळे विद्यार्थ्याची अशी समजूत होते, की अलंकार नसलेल्या ओळीत शोधण्यासारखे काही नाही. मम्मटाने तर काव्याच्या व्याख्येतच क्वचित स्फुट अलंकार नसण्याची मुभा ठेवली आहे. सातवी-आठवीच्या मुलांना व्याख्या अवश्य शिकवाव्यात. त्यांच्या जोडीला ‘हे कोण, कोणाला, केव्हा म्हणते आहे?’ हा प्रश्नही विचारावा. त्याचे उत्तर शोधताना व्यंजनेची व्याख्या मुले स्वतःच घडवतील.