घर पाहावं विकून

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्यानं घर बांधलं असेल, पण विकलं नसावं. विकायला काढलं असतं तर त्यानं म्हणीला तिसरं कलम जोडलं असतं. जिंतूर असो, पाथरी असो, सेलू असो नाहीतर आमची परभणी, तीन-चार पिढ्यांचं जुनं घर विकायला काढून बघा. गिऱ्हाईक महिन्याभरात मिळतं, भाव ठरतो, इसाराची रक्कम हातात पडते, चहा-मिठाई होते आणि तिथून गाडी जी थांबते ती थांबतेच. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. इसार देणारा कंटाळून पैसे परत मागतो आणि तोवर ते खर्च झालेले असतात. लोक म्हणतात, कचेऱ्याच तशा. कचेऱ्या तशा आहेतच, मी त्यांची वकिली करणार नाही. पण आमच्या भागातला निम्मा उशीर कुठल्या कारकुनानं लावलेला नाही. तो फार जुना आहे.

मला याची ओळख झाली ती एका वेगळ्याच कारणानं. मी कविता मराठीत लिहितो, पण पहिली अक्षरं घरी उर्दूत गिरवली. त्यामुळे गेली कित्येक वर्षं ओळखीचे-अनोळखी लोक पत्र्याच्या पेटीतले पिवळे कागद घेऊन माझ्याकडे येतात. “चाचा, एवढं वाचून द्या, वकिलांनी मागितलंय.” येणाऱ्यांत देशमुख असतात, वाणी असतात, मास्तर असतात, शेतमजूर असतात. बऱ्याच जणांना आपल्या आजोबाच्या घराचा कागद उर्दूत आहे याचंच नवल वाटतं. घडी उघडताना कागद घडीवरच फाटतो, म्हणून मी आधी खाली जाड पुठ्ठा ठेवतो.

कागद उर्दूत का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले आणि १८८३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्यांनी कारभार पाहिला. त्याआधी वसुली मक्त्यानं दिलेली असायची. मक्तेदाराला वसुलीशी मतलब, घर कुणाचं याच्याशी नाही. सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, पगारी अंमलदार नेमले, पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी सुरू झाली. कागद आला तो असा. कचेरीची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात ती उर्दू झाली. गावचा कुलकर्णी मात्र मोडीतच लिहीत राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि देवनागरीचा अंमल आला. तेव्हा एकाच घराचे कागद तीन लिप्यांत असू शकतात. त्या तिघांची एकमेकांशी ओळख करून द्यायचं काम कुणी नेटानं केलं नाही. मोडी वाचणारे गेले, उर्दूतलं शिकस्ता वळण वाचणारेही चालले. घर विकणारा आज ज्याला ‘उशीर’ म्हणतो त्यातले कित्येक महिने केवळ वाचणारा माणूस शोधण्यात जातात.

वाचणारा मिळाला तरी तारीख अडते. संस्थानात फसली सन चालत असे. आमच्या दादाजींनी घर घेतलं त्या बयनाम्यावर बहमन महिना आणि १३४७ हा आकडा आहे. एका तरुण वकिलानं तो आकडा पाहून मला विचारलं, “हे बहमनी काळातलं आहे का?” फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो; वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्यामुळे पुढचे काही महिने ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे आमचा बयनामा १९३७ च्या डिसेंबरच्या आसपासचा. किंमत साडेतीनशे रुपये, पण तेही आपले रुपये नव्हेत. संस्थानाचा स्वतःचा हाली सिक्का होता, इंग्रजांचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. तेव्हा घर तीनशे कलदारांना पडलं. दादाजी करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे संस्थानाच्या जकातीत, कारकून होते. ही रक्कम त्यांनी किती दिवसांत जमवली असेल याचा हिशेब मी अनेकदा करून पाहिला आहे.

मग येते चतुःसीमा. जुन्या दस्तात घराला नंबर नाही, नकाशा नाही. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्याची पडकी भिंत, उत्तरेस कडुनिंब. माणसं साक्षीला धरून जमीन मोजलेली. ऐंशी वर्षांनी पूर्वेचं घर तीनदा विकलं गेलं, भिंत राहिली नाही आणि कडुनिंब नगरपालिकेच्या नालीत गेला. शहरांत पुढे नगर भूमापन झालं आणि मालमत्ता पत्रकं निघाली, पण ती ज्या दिवशी जो राहत होता त्याच्या नावावर. खेड्यांत तर गावठाणातल्या घरांना सातबारा नसतोच. लोक ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ जपून ठेवतात, पण तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करून पत्रक देणारी केंद्राची स्वामित्व योजना निघाली ती २०२० मध्ये. म्हणजे शेताची नोंद झाली आणि शेतकऱ्याच्या घराची नोंद व्हायला पुढे काही पिढ्या जाव्या लागल्या. सरकारला सारा शेताचा मिळत होता, हे त्याचं साधं कारण.

नावाची गोष्ट आमच्या समाजाला जास्त छळते. उर्दूत ‘मोहम्मद’ एकाच पद्धतीनं लिहितात. मोडीत तो महंमद झाला, देवनागरीत मोहंमद, कुठे नुसता ‘मो.’, शाळेच्या दाखल्यावर आणखी काही, आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंगवरून उलटा मराठीत आलेला पाचवाच. संगणकाला हे पाच इसम वाटतात. मग प्रतिज्ञापत्र करायचं, की वरील पाचही नावांची व्यक्ती एकच होय. एका माणसाला पाच मुलं असल्याचं पटवणं सोपं, पाच नावं असल्याचं पटवणं अवघड!

यापुढचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या गल्लीतलं एक घर बरीच वर्षं विकता येत नव्हतं, कारण चार भावांपैकी एक कराचीला गेला होता. वकिलांनी एकच प्रश्न विचारला, “कधी गेला?” त्या प्रश्नामागं तीन तारखा आहेत. १९५० च्या कायद्यानं देश सोडून गेलेल्यांची मागे राहिलेली मालमत्ता, म्हणजे निष्क्रांत मालमत्ता, सरकारी अभिरक्षकाकडे जाऊ लागली. ७ मे १९५४ नंतर कुठलीही मालमत्ता नव्यानं तशी ठरवायची नाही, असं ठरलं. १९६५ च्या युद्धानंतर मात्र पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता ‘शत्रू संपत्ती’ झाली, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीनं वारसांचीही वाट बंद केली. राहिलेले तीन भाऊ इथलेच, मतदार यादीतले. पण चौथा कुठल्या साली रेल्वेत बसला यावर त्यांच्या छपराचं भवितव्य टांगलेलं. ते साल सांगू शकेल असं कुणी उरलं नव्हतं. शेवटी त्याच्या एका जुन्या पत्रावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून काम निभावलं.

इनाम जमिनींचं प्रकरण याच्याही वरचं. मशीद, मंदिर, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन विकता येत नाही. १९५४ मध्ये हैदराबादच्या कायद्यानं इनामं रद्द झाली, पण धार्मिक संस्थांची त्यातून वगळली गेली. तरीही गावं वाढली तसे त्यांतल्या कित्येक जमिनींवर प्लॉट पडले, शंभराच्या बाँडवर हातोहात विकले गेले, वर दोन मजले चढले. ज्या जमिनी इनामाच्या नव्हत्या त्या शेतीच्या होत्या, तिथं गुंठेवारीचा घोळ. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला, त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना सवलत होती. २०२१ मध्ये ती मुदत २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अशा घरात राहणाऱ्याला दस्त, मालकी हे शब्द एरवी आठवत नाहीत. मुलीचं लग्न निघालं, दवाखान्याचा खर्च आला आणि विकायची वेळ आली की आपण वीस वर्षं कशावर राहत होतो ते समजतं.

फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात आणि दस्तऐवज म्हणजे हातानं धरून लोंबकळायचं ते. बयनामा, मुखत्यार, वारस, ताबा, नक्कल, आमची सगळी रजिस्ट्री कचेरी याच शब्दांवर चालते आणि ते परके आहेत असं तिथं कुणालाच वाटत नाही.

आता माझं एक मत सांगतो. ते पटेलच असं नाही. उशीर दोन प्रकारचे असतात. एक नुसताच उशीर: सर्व्हर बंद आहे, साहेब दौऱ्यावर आहेत, फाईल वरती आहे, पुढच्या सोमवारी या. त्याची बाजू घ्यावी असं त्यात काही नाही. दुसरा उशीर प्रश्न विचारतो. आणखी कोण आहे? कुणाची सही राहिली? तीस वर्षांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, फेरफाराआधीची पंधरा दिवसांची हरकतीची मुदत, हे सगळं त्या प्रश्नाचंच रूप. आपण दोन्हींना एकाच शिवीत गुंडाळतो.

कारण झटपट झालेले व्यवहारही मी कागदांत पाहिले आहेत. १९४८ च्या अखेरीस लिहिलेले काही दस्त माझ्या हातात आले. किंमत पाहूनच लिहून देणाऱ्याची घाई कळते. १९७२ च्या दुष्काळातलेही आले. त्यांत घर, त्यावरचे पत्रे आणि दाराची चौकटसुद्धा वेगळी मोजलेली. मुदत खरेदीचे तर कितीतरी. कागदावर घर विकलेलं, खरं म्हणजे सावकाराकडून कर्ज काढलेलं. मुदतीत पैसे फिटले नाहीत की खरेदी पक्की. २०१४ च्या सावकारी नियंत्रण कायद्यात अशी मालमत्ता परत मिळवायची तरतूद करावी लागली ती उगीच नाही. हे सगळे व्यवहार एका दिवसात झाले. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

आमच्या घराला पाच वर्षं लागली. दादाजी १९७१ मध्ये गेले आणि नोंद त्यांच्याच नावावर राहिली, कारण घर विकायचंय असं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं. मागे दादी, दोन मुलगे, तीन मुली. आमच्या कायद्याप्रमाणे बायकोला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. घराचे बरोबर आठ वाटे झाले: दादीचा एक, मुलींचे तीन, मुलग्यांचे चार. दादी गेल्यावर तिचा वाटा लेकरांत मिळाला आणि आठाचे सात झाले. मग नांदेडची मोठी फुफी वारली. तिच्या सातव्या हिश्श्याचे नवरा, मुलगा आणि मुलगी मिळून चार भाग, म्हणजे घराचे अठ्ठावीस. अब्बा आणि चाचांच्या वारसांपर्यंत आलो तेव्हा वहीचं पान संपलं.

दस्तलेखकानं यावर सोपा उपाय सांगितला. फुफींकडून आणि त्यांच्या मुलांकडून हक्कसोडपत्र घ्या, मोकळे व्हा. “सगळेच असं करतात,” तो म्हणाला आणि ते खरंच आहे. मुलीला हिस्सा देणारा आमचा कायदा शेकडो वर्षांचा. हिंदू मुलींना वडिलोपार्जित घरात बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. पण हक्कसोडपत्रावर सह्या करायला दोन्हीकडच्या बहिणी एकाच बाकावर बसलेल्या दिसतात. भावानं कधी ना कधी साडी घेतलेली असते, माहेर तुटायची भीती असते.

धाकटी फुफी तेव्हा ऐंशीच्या घरात. माझा चुलतभाऊ मसुदा घेऊन गेला. “फुफी, इथं फक्त सही करायची. माहेर काही कुठं जात नाही.” तिनं चष्मा लावून कागद पाहिला. मराठी तिला वाचता येत नव्हतं. “बेटा, माझा हिस्सा किती होतो?” “सातवा.” “मग सातवा दे. माहेर कुठं जात नाही असं तूच म्हणालास ना?”

ही बातमी नांदेडला पोहोचली आणि मोठ्या फुफीच्या मुलीनंही अठ्ठाविसावा मागितला. तिचं बरोबरच होतं. यात चौदा महिने गेले. पहिलं गिऱ्हाईक सोडून गेलं, दुसरं मिळालं. चुलतभाऊ त्या दिवसांत माझ्याशी फारसा बोलत नव्हता, कारण हिश्श्यांचा तो कागद मी लिहिला होता.

रजिस्ट्रीच्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. फुफीचा अंगठा यंत्रानं चार वेळा नाकारला. भांडी घासून घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. पाचव्या खेपेला लागला. सही तिनं उर्दूत केली, दादाजींच्या बयनाम्यावरच्या सहीसारखीच उजवीकडून डावीकडे. ओळख पटवणाऱ्यांनी तिचं नाव विचारलं, तर तिनं आधी आपलं सांगितलं आणि मग वडिलांचं. पुढे फेरफाराची नोटीस निघाली. पंधरा दिवसांत हरकत आली नाही. घेणार कोण? सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या.