जमादाराचा रुपया : दिल्लीचे खेळ आणि दिल्लीचे रहिवासी

महाराष्ट्रात 'एशियाड' म्हटले की पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला खेळ आठवत नाहीत, एसटी आठवते. दादर–पुणे मार्गावरची निमआराम गाडी, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी आसने, आणि साध्या गाडीपेक्षा थोडे जास्त भाडे. १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीला नवव्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा खेळाडूंची ने-आण करण्यासाठी आपल्या एसटी महामंडळाच्या गाड्या तिकडे गेल्या होत्या. स्पर्धा आटोपल्यावर त्या परत आल्या आणि लोकांनी गाडीला खेळांचेच नाव लावले. पुढे महामंडळाने या सेवेचे 'हिरकणी' असे बारसे केले, पण आमचे वडील अखेरपर्यंत स्टँडवर जाऊन "एशियाड किती वाजताची?" असेच विचारीत.

तर महाराष्ट्राला त्या स्पर्धांतून एक चांगली गाडी मिळाली. दिल्लीकरांना काय मिळाले, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. नोकरी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात झाली, आणि जमाखर्च पाहताना रक्कम कोणाच्या नावे पडली आहे हे आधी बघायचे, ही तिथली सवय पुढे वाचनातही राहिली. मोठ्या स्पर्धांमुळे शहराचा फायदा होतो की तोटा, यावर अर्थतज्ज्ञांचे भरपूर लेखन आहे. त्यात मॉन्ट्रियलचे उदाहरण हमखास येते. १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज त्या शहराने आणि प्रांताने फेडले ते थेट २००६ साली. परंतु या लेखनात 'शहर' नावाचे एकच खाते असते. त्या खात्यात कोणकोण मोजले जाते, हे पाहायचे असेल तर दिल्लीइतके सोयीचे शहर दुसरे नाही, कारण तिने हा उद्योग तीनदा केला आहे.

पहिल्या वेळेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि ही गोष्ट तिच्या बाजूचीच आहे. मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई स्पर्धा दिल्लीत झाल्या. अकरा देश आणि ४८९ खेळाडू. क्रीडांगण म्हणून इंग्रजी अमदानीत बांधलेले आयर्विन ॲम्फिथिएटर होतेच. त्यालाच नॅशनल स्टेडियम म्हणू लागले. खेळाडूंची सोय जवळच्या लष्करी बराकींत केली. आठ दिवसांत खेळ संपले, पाहुणे गेले, शहर होते तसे राहिले. सचिन नागने शंभर मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, एवढी आठवण मागे उरली.

१९८२ ची गोष्ट वेगळी. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, तेहतीस देश. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम, तालकटोऱ्याचा तलाव, तुघलकाबादची नेमबाजीची जागा, सिरी फोर्टचे सभागृह, रिंग रोडवरचे उड्डाणपूल, नवी हॉटेले हे सारे दोन-अडीच वर्षांत उभे राहिले. अल्लाउद्दीन खिलजीच्या सिरी नगराच्या पडक्या तटाला लागून राज रेवल यांनी खेळाडूंचे गाव रचले. गल्ल्या, चौक, गच्च्या यांची ती जुळणी वास्तुरचनेचे विद्यार्थी आजही पाहायला जातात. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. १९८१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ६२ लाख होती. यातल्या बऱ्याच लोकांना उड्डाणपुलांचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सगळेच टिकले असेही नाही. मालगाड्यांसाठी घातलेल्या रिंग रेल्वेवर एशियाडसाठी प्रवासी गाड्या वाढवल्या होत्या. २०१५ च्या हिवाळ्यात मी मुद्दाम निजामुद्दीनहून त्या गाडीत बसलो. लोधी कॉलनी, सेवानगर, सफदरजंग अशी ऐन शहरातली स्थानके. आणि डब्यात माझ्याखेरीज मोजून सात माणसे. स्थानकांपासून बसथांब्यांपर्यंत नीट वाटाच केलेल्या नाहीत, मग माणूस चढणार कुठून?

पण मला सांगायचे आहे ते या बांधकामांवर राबलेल्या माणसांबद्दल. त्यांची अधिकृत नोंद एका वेगळ्याच जागी सापडते. 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संस्थेने तीन समाजशास्त्रज्ञांना एशियाडच्या कामांवर पाठवून पाहणी केली आणि जे दिसले ते पत्राने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांना कळवले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. वकिलीच्या विद्यार्थ्यांना हा खटला जनहित याचिकांच्या प्रारंभीच्या खटल्यांपैकी एक म्हणून ठाऊक असतो. मी तो हिशेबनीसाच्या नजरेने वाचला.

त्यातले आकडे असे. बांधकाम मजुराचे किमान वेतन रोज ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार ते मजुराच्या हातात देत नसे. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा ठिकाणांहून टोळ्या आणणाऱ्या जमादाराकडे देई. आपल्याकडचा मुकादम तोच हा. जमादार माणशी रोज एक रुपया कापून घेई आणि मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे ठेवी. बायकांना ७ रुपयेच मिळत, वास्तविक समान वेतनाचा कायदा होऊन सहा वर्षे उलटली होती. सव्वानऊ रुपयांतला एक म्हणजे जवळजवळ अकरा टक्के. सव्वीस दिवस भरले तर सव्वीस रुपये. ऊसतोडीच्या टोळ्यांचा हिशेब ज्याने पाहिला आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही. नवे एवढेच, की इथे कामाचा मालक कोणी कारखानदार नव्हता. कामे भारत सरकार, दिल्ली प्रशासन आणि दिल्ली विकास प्राधिकरण यांची होती आणि ती देशाच्या अब्रूसाठी चालली होती.

चौदा वर्षांखालची मुलेही कामावर होती. सरकारी बाजूचा एक बचाव असा होता, की १९३८ च्या बालमजूर कायद्याच्या यादीत बांधकामाचा समावेशच नाही. न्यायालयाने सांगितले की, बांधकाम हे धोक्याचे काम आहे आणि अशा कामावर मूल ठेवायला राज्यघटनेच्या २४ व्या कलमानेच मनाई आहे. यादीत नाव असण्याची गरज नाही. परप्रांतीय मजुरांसाठी १९७९ साली केलेल्या कायद्याचे दिल्लीतील नियम लागू झाले ते जून १९८२ मध्ये, म्हणजे काम बव्हंशी होत आल्यावर.

१८ सप्टेंबर १९८२ रोजी, उद्घाटनाला दोन महिने असताना, न्या. भगवती आणि न्या. बहारुल इस्लाम यांनी निकाल दिला. त्यातला गाभ्याचा भाग घटनेच्या २३ व्या कलमावर, वेठबिगारीच्या मनाईवर आहे. कोणी चाबूक घेऊन उभा नव्हता, मजूर आपल्या पायांनी आले होते, मग वेठ कसली? न्यायालयाचे उत्तर असे, की कायद्याने ठरलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत माणूस राबतो तो भुकेच्या सक्तीने राबतो, आणि भुकेची सक्ती हीही सक्तीच. किमान वेतनाखालचे काम म्हणजे वेठबिगारी. कंत्राटदार मध्ये आहे म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही बजावले. आणि ज्या दंडाधिकाऱ्यांनी असे गुन्हे किरकोळ दंडावर सोडून दिले होते, त्यांनाही चार शब्द सुनावले.

मला आणखी एक गोष्ट खटकली. निकाल वाचताना ही माणसे मजूर म्हणून दिसतात, दिल्लीची रहिवासी म्हणून कोणालाच दिसत नाहीत. ती बाहेरून 'आणलेली' होती. स्टेडियम झाले की ती आपापल्या गावी जातील असे बहुधा सर्वांनी धरून चालले होते. ती गेली नाहीत. निदान सगळी गेली नाहीत. जिथे काम, तिथे बिऱ्हाड. दिल्लीच्या झोपडवस्त्यांत त्या वर्षांत मोठी भर पडली. यमुनेच्या बांधावरची, पुश्ता नावाने ओळखली जाणारी वस्ती त्यांपैकीच. ती आधीपासून होती, पण एशियाडच्या मजुरांनी ती फुगली. शहरात राहून त्यांनी रिक्षा ओढली, घरकामे केली, मुलांना पालिकेच्या शाळेत घातले, मतदान केले. वीस वर्षे राहणारा माणूस रहिवासी नव्हे तर कोण?

ती वस्ती २००४ मध्ये, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, पाडण्यात आली. आधार होता यमुनेचा काठ मोकळा करण्याच्या उच्च न्यायालयाच्या आदेशाचा. नदीकाठ सुशोभित करण्याच्या कल्पनेमागे जोर लावणारे मंत्री होते जगमोहन, त्या वेळचे पर्यटन व संस्कृती मंत्री. हेच जगमोहन १९८२ च्या स्पर्धा झाल्या तेव्हा दिल्लीचे नायब राज्यपाल होते. यात कट वगैरे शोधण्याची माझी इच्छा नाही. स्वच्छ, रेखीव राजधानीचे स्वप्न त्या गृहस्थांनी आयुष्यभर प्रामाणिकपणे पाहिले असावे. त्या चित्रात पुश्त्याला जागा नव्हती, इतकेच. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना शहराच्या पार टोकाला, बवाना, होलंबी कलान अशा ठिकाणी, १८ किंवा साडेबारा चौरस मीटरचे भूखंड मिळाले. कागद नव्हते त्यांना काही नाही. कल्याणी मेनन-सेन आणि गौतम भान यांनी बवान्याला गेलेल्या कुटुंबांची पाहणी करून पुस्तक लिहिले आहे. घर गेले त्याहून काम तुटले हा घाव मोठा, हे त्यातून कळते.

तोवर, म्हणजे २००३ च्या अखेरीस, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा दिल्लीच्या पदरात पडल्या होत्या. क्रीडाग्राम उभे राहिले ते यमुनेच्याच काठी, अक्षरधाम मंदिराशेजारी. पर्यावरणवाल्यांनी हे पूरक्षेत्र असल्याची हरकत घेतली, ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फेटाळली. बांधावरून झोपड्या हटवताना जी नदी पवित्र होती, ती इमारती चढवताना अडचणीची ठरली नाही.

२०१० वर आपल्याकडे जे बोलले गेले ते सगळे घोटाळ्याविषयी. यजमान समितीचे अध्यक्ष पुण्याचे खासदार असल्यामुळे मराठी वर्तमानपत्रांत तर दुसरे काही छापूनच येत नव्हते. मला त्या चर्चेचा कंटाळा आहे. चोरी झाली की नाही हे न्यायालयांनी पाहावे. एक पैसाही चोरीला गेला नसता तरी खर्च कोणाच्या नावे पडला हा प्रश्न उरतोच. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात एकूण खर्च १८,५३२ कोटी रुपये धरला. घरहक्कावर काम करणाऱ्या एका संस्थेने २००४ पासून या स्पर्धांपायी किमान दोन लाख लोक विस्थापित झाल्याचे मांडले. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेल्या निधीतून पैसे स्पर्धांकडे वळवले गेले. ऑगस्ट २०१० मध्ये गृहमंत्री चिदंबरम यांनी राज्यसभेत ही गोष्ट मान्य केली आणि ती चूक होती असे म्हटले. रक्कम ६७८ कोटींची होती. २१ सप्टेंबरला नेहरू स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळून सत्तावीस कामगार जखमी झाले. दुसऱ्या दिवशी चर्चा देशाची नाचक्की झाल्याची. त्या सत्तावीस जणांचे पाय बरे झाले का, याची विचारपूस मला कुठे वाचायला मिळाली नाही.

आणि मजुरी? २०१० च्या प्रारंभी दिल्ली उच्च न्यायालयात पुन्हा याचिका आली. अर्जदारांत नाव तेच, 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स'. न्यायालयाने माजी राजदूत अरुंधती घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीला कामांवर आढळले ते असे : किमान वेतनापेक्षा कमी मजुरी, ओळखपत्रे नाहीत, राहण्याची व्यवस्था वाईट. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ साली कायदा झालेला, उपकरही गोळा होत होता. पण ज्यांच्यासाठी तो, त्यांतल्या बहुतेकांची नोंदणीच झालेली नव्हती. अठ्ठावीस वर्षांत जमादार मात्र तसाच राहिला.

याला उत्तर म्हणून मेट्रो दाखवतात. दाखवावी. केंद्रीय सचिवालयापासून निघणारा जांभळा मार्ग ३ ऑक्टोबर २०१० ला, उद्घाटनाच्याच दिवशी, खुला झाला आणि आज लाखो लोक त्याने जातात. त्यांत बांधकाम मजूरही असतील. पण मेट्रोचा पहिला मार्ग २००२ मध्येच सुरू झाला होता. खेळांनी तिला घाई लावली, जन्म दिला नाही. बार्सिलोनाचा दाखलाही याच जातीचा आहे. १९९२ च्या ऑलिंपिकने ते शहर समुद्राकडे उघडले हे खरे. परंतु कोणते रस्ते, कोणता किनारा, हे त्या शहराने स्वतःसाठी आधी योजून ठेवले होते आणि खेळांच्या निमित्ताने पैसा तिकडे वळवला. दिल्लीने दोन्ही वेळा पाहुण्यांच्या मार्गावर काय दिसेल याची यादी आधी केली. २०१० मध्ये झोपड्या दिसू नयेत म्हणून रस्त्याकडेला मोठाले फलक लावले होते.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने इच्छा कळवली आहे. किती पर्यटक येतील, किती रोजगार होईल, याचे आकडे येऊ लागतील. मला त्यांच्याबरोबर आणखी तीन कागद पाहायला आवडतील : मजुरीच्या हजेरीपटाची नक्कल, मजूर कुठे राहणार त्या जागेचा नकाशा, आणि ज्या वस्त्या हलवायच्या आहेत त्यांची यादी. निविदा निघण्याआधी हे कागद मागता येतात. १९८२ मध्ये न्यायालयाने नेमलेले निरीक्षक कामांवर पोहोचले, तेव्हा मे महिना निम्मा सरला होता आणि उद्घाटनाला सहा महिने उरले होते.